मोजलेले झुरके आणि न मोजलेले

दिवाळीच्या सुटीत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. तो १९ वर्षांचा आहे आणि पुण्यातच अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. एका रात्री साडेअकराच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा त्याच्या खोलीच्या दाराखालून पिकलेल्या आंब्याचा वास येत होता. दिवाळीत घरात आंबा असण्याचे काही कारण नव्हते. तो वास मला चांगलाच ओळखीचा होता, कारण इंग्लंडमध्ये असताना दोन वर्षे माझ्या उशीला, कोटाच्या खिशाला आणि लॅपटॉपच्या पिशवीला तसाच वास येत असे. मी दार लोटले. त्याने हातातली वस्तू पांघरुणाखाली सरकवली आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे : "मामा, ही सिगरेट नाहीये. नुसती वाफ आहे."

त्या 'वाफ' शब्दावर मी त्या रात्री बराच वेळ विचार करत होतो. आपल्या घरांत वाफ म्हटले की सर्दी झाल्यावर डोक्यावरून टॉवेल घेऊन घेतलेला वाफारा आठवतो, इडलीपात्र आठवते, भाताच्या कुकरची शिट्टी आठवते. हा शब्द आईच्या हाताखालचा आहे, त्यामुळे त्याचा धाक वाटत नाही. धूर म्हटला की डोळे चुरचुरतात आणि वाफ म्हटली की नाक मोकळे होते. व्हेपमधून, म्हणजे ई-सिगारेटमधून, जे बाहेर पडते ते मात्र पाण्याची वाफ नसते. प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या दोन द्रवांत निकोटीन आणि स्वाद मिसळलेले असतात, बॅटरीवर तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने ते मिश्रण साधारण २०० ते २५० अंशांपर्यंत तापते आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत छातीत जातात. थंडीतल्या धुक्यासारखे ते दिसते, पण त्यात निकोटीन असते.

मी स्वतः सतरा वर्षे सिगारेट ओढली आणि त्यानंतर दोन वर्षे व्हेप. शरीराचे नुकसान कशाने किती होते याविषयी वाचायला पुष्कळ मिळते, पण या दोन सवयी रोजच्या दिवसात कशा वेगळ्या बसतात याविषयी फार कमी लिहिले जाते, म्हणून हे लिहीत आहे.

कॉलेजात मला सिगारेट लागली ती टपरीवर. टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेला लायटर, शेजारी काचेच्या ग्लासातला कटिंग चहा आणि पाकीट घेण्याइतके पैसे नसल्यामुळे सुटी घेतलेली एक सिगारेट, असा तो सारा सरंजाम होता. त्या एका सिगारेटला सुरुवात होती आणि शेवटही होता. दहा-बारा झुरके, पाच-सहा मिनिटे, मग थोटूक चपलेखाली चिरडायचे आणि तोंडात बडीशेप टाकून वर्गात जायचे. पुढे नोकरी लागल्यावर पाकीट खिशात आले, तरी सिगारेटसाठी उठून जिना उतरावा लागे, पावसात आडोसा शोधावा लागे, बोटांचा वास जाण्यासाठी हात धुवावे लागत, आणि रात्री पाकीट उघडून पाहिले की दिवसभरात किती झाल्या हे डोळ्यांसमोर दिसे. त्या काळात मी दिवसाला दहा सिगारेटी ओढत होतो आणि तो आकडा मला नेहमी माहीत असे. सवय वाईटच होती, परंतु तिला कुंपण होते.

सिगारेट शरीराचे जे वाटोळे करते, त्याचे मूळ जळण्यात आहे. झुरका ओढताना जळत्या टोकाचे तापमान सुमारे ९०० अंशांपर्यंत जाते आणि त्या आगीतून ७,००० हून अधिक रसायने तयार होतात, त्यांपैकी किमान ७० कर्करोगाला कारण ठरतात. डांबर फुप्फुसात साठते आणि कार्बन मोनॉक्साईड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ सालीच सांगून ठेवले होते की माणसे निकोटीनसाठी सिगारेट ओढतात, पण मरतात ती डांबराने. व्हेपमागचा सगळा विचार या एका निरीक्षणावर उभा आहे : निकोटीन द्यायचे, आग काढून टाकायची. २००३ च्या सुमारास होन लिक नावाच्या चिनी औषधनिर्मात्याने आजच्या ई-सिगारेटचा पहिला नमुना तयार केला, तोही याच हेतूने.

या विचारात तथ्य आहे आणि ते मी स्वतःच्या श्वासावर पाहिले आहे. २०२१ मध्ये मी इंग्लंडमध्ये राहत होतो आणि तिथल्या धूम्रपान सोडवणाऱ्या एका केंद्रात जाऊ लागलो. पहिल्या भेटीत तिथल्या परिचारिकेने माझ्या हातात पुठ्ठ्याची नळी लावलेले मूठभर आकाराचे यंत्र दिले, पंधरा सेकंद श्वास रोखून सावकाश फुंकायला सांगितले आणि पडद्यावर २१ हा आकडा आला. श्वासातल्या कार्बन मोनॉक्साईडचे ते मोजमाप होते. सिगारेट पूर्ण बंद करून व्हेपवर गेल्यानंतर चौथ्या आठवड्यात त्याच यंत्राने ३ दाखवले. सकाळचा खोकला थांबला, जिना चढताना लागणारी धाप कमी झाली, आणि कित्येक वर्षांनी फोडणीतल्या हिंगाचा वास स्वयंपाकघराच्या बाहेर उभे राहून आला. जो माणूस रोज सिगारेट ओढतो आणि ती संपूर्ण सोडून व्हेपवर जातो, त्याच्या शरीरात जाणारे विष खूपच कमी होते हे मी नाकारणार नाही.

इंग्लंडमध्येच झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत महत्त्वाचा आहे. सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८८६ जणांपैकी काहींना निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगगम यांसारखी साधने दिली आणि काहींना ई-सिगारेट. वर्षभरानंतर ई-सिगारेटवाल्यांपैकी १८ टक्के आणि दुसऱ्या गटातील ९.९ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. व्हेपचे समर्थन करणारे इथपर्यंतच सांगतात. त्याच अभ्यासातला पुढचा आकडा मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो : सिगारेट सुटलेल्यांपैकी ई-सिगारेटच्या गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते, तर दुसऱ्या गटात दिलेली साधने अजून वापरणारे केवळ ९ टक्के होते. पट्टी लोक सोडून देतात, व्हेप सोडवत नाही. माझेही तेच झाले.

याचे कारण मला एका शनिवारी हिशेब मांडल्यावर कळले. तेव्हा तिथे सर्वत्र मिळणारे, वापरून फेकून देण्याचे व्हेप मी घेत असे. त्यात २ मिलिलिटर द्रव असे, कायद्याच्या मर्यादेनुसार दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीन, म्हणजे एका नळीत ४० मिलिग्रॅम, आणि वेष्टनावर लिहिलेले असे '६०० झुरके'. सुरुवातीला एक व्हेप मला पाच दिवस पुरे. आठ महिन्यांनी तो दोन दिवसांत संपू लागला. म्हणजे दिवसाला तीनशे झुरके. दहा सिगारेटींचे झुरके शंभर ते सव्वाशे होतात. सिगारेट सोडल्याचा अभिमान बाळगणारा मी, तोंडाला हात नेण्याच्या बाबतीत अडीच-तीन पट पुढे गेलो होतो आणि मला त्याची जाणीवही नव्हती. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटीन जाते. व्हेपमधले सगळे निकोटीन रक्तात उतरत नाही हे धरले, तरी माझी तलफ पूर्वीपेक्षा कमी झालेली नव्हती हे उघड होते.

हे तीनशे झुरके कुठे बसले होते ते शोधू लागलो, तेव्हा ते सगळीकडे सापडले. ईमेल पाठवला की एक, चहाचे आधण ठेवले की दोन, ऑनलाइन बैठकीत कॅमेरा बंद असताना, आंघोळीला जाताना, रात्री जाग आली की कूस बदलताना. राख नाही, काडी नाही, उठून जाणे नाही आणि थोटूक तर नाहीच, त्यामुळे 'आता झाले' असे सांगणारा कोणताही क्षण येत नाही. सिगारेट संपते म्हणून माणूस थांबतो, व्हेपला ते संपणेच नाही. सिगारेट ओढणारा माणूस दिवसातून दहा वेळा कामातून उठतो आणि पुन्हा कामाकडे येतो. व्हेप ओढणारा कामातून उठत नाही, त्यामुळे ती सवय कामाच्या, झोपेच्या आणि बोलण्याच्या आत मुरते, आणि मग ती वेगळी काढता येत नाही.

यात गळ्याचाही एक भाग आहे. सिगारेटचा धूर घशाला लागतो, आणि तो लागणे हीसुद्धा एक मर्यादाच असते. लागोपाठ तिसरी सिगारेट ओढवत नाही. व्हेपच्या द्रवात निकोटीनचे क्षार वापरू लागल्यापासून, म्हणजे बेंझोइक आम्लासारखे आम्ल मिसळून त्याचा अल्कलीपणा कमी केल्यापासून, भरपूर निकोटीनही घशाला न टोचता आत जाऊ लागले. अमेरिकेत २०१५ मध्ये बाजारात आलेल्या जूल या ई-सिगारेटने हेच केले. तिच्या द्रवात दर मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅम निकोटीन होते, युरोपातल्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट, आणि ज्यांनी कधी सिगारेट ओढली नव्हती अशी शाळकरी मुले त्यात अडकली. पहिल्याच झुरक्याला ठसका लागून सिगारेट कायमची टाकून दिलेले माझे दोन मित्र आहेत. आंब्याच्या स्वादाचा व्हेप त्यांना त्या वेळी कोणी दिला असता, तर ठसक्याने त्यांना वाचवले नसते.

दोन्ही एकत्र करणाऱ्यांची गोष्ट मी थोडक्यात पण कळकळीने सांगतो, कारण माझ्या ओळखीतले बहुतेक जण तेच करतात : घरात व्हेप आणि मित्रांसोबत टपरीवर सिगारेट. 'दहावरून दोनवर आलो' हे समाधान फुप्फुसांच्या बाबतीत काही अंशी खरे असेल, हृदयाच्या बाबतीत ते फसवे आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या वाट्याला हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा भाग नव्हे. उरलेल्या त्या दोन सिगारेटीच सोडायला हव्यात.

माझा व्हेप सुटला तो त्याला सिगारेटसारखे वागवल्यामुळे. भारतात परत यायचे ठरले होते आणि इथे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट आयात करणे, बनवणे, विकणे, साठवणे, तिची जाहिरात करणे हे सगळेच गुन्हा ठरलेले आहे, त्यामुळे माझ्यापुढे तारीख होती. आधी मी निकोटीनचे प्रमाण २० वरून १० आणि १० वरून ६ असे खाली आणले, पण शरीर हुशार असते, त्याने झुरके वाढवून भरपाई करून घेतली. मग मी प्रमाण कमी करण्याआधी कुंपण घातले. व्हेप बाहेरच्या दाराशेजारच्या खणात राहील, ओढायचा तर चपला घालून इमारतीबाहेर जायचे, दहा झुरके मोजायचे आणि परत यायचे. पहिले चार दिवस मी दिवसातून वीस-बावीस वेळा चपला घातल्या. फेब्रुवारीतल्या त्या पावसात तिसऱ्या आठवड्यात त्या फेऱ्या सातवर आल्या. मग प्रमाण ३ वर आणि शेवटी शून्यावर नेले. झोपेची दहा-बारा दिवस वाताहत झाली, पत्नीवर विनाकारण चिडचिड केली, त्याबद्दल तिची नंतर क्षमाही मागितली. विमानात बसलो तेव्हा खिशात काही नव्हते.

इथे परत आल्यावर पाहतो तर बंदी असलेली ही वस्तू कॉलेजच्या आसपास सहज मिळते. भाच्याच्या हातातली नळी मी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर हजारो झुरक्यांचा दावा छापलेला होता, '५ टक्के' असे लिहिले होते, म्हणजे दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, आणि कोणी बनवली, आत आणखी काय आहे, याचा पत्ता नव्हता. इंग्लंडमध्ये निदान मी काय ओढतो ते मला वाचता येत होते. अमेरिकेत २०१९ साली व्हेपमुळे फुप्फुसे निकामी होण्याची जी साथ आली, तिच्यात ६८ माणसे दगावली आणि दोष मुख्यतः चोरट्या बाजारातल्या गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या जीवनसत्त्व ई च्या संयुगावर आला. अशा बाजारातून आलेल्या नळीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. सिगारेट ओढणाऱ्या माझ्यासारख्याला व्हेप ही एक पायरी खाली उतरण्याची वाट होती. भाच्याने कधी सिगारेट ओढलेली नाही, त्याच्यासाठी ती वर चढण्याची पायरी आहे, आणि पंचविशीपर्यंत घडत राहणाऱ्या मेंदूला निकोटीनची ओढ लवकर लागते.

मी त्याला रागावलो नाही आणि ताईला अजून सांगितलेलेही नाही, हे योग्य की अयोग्य याबद्दल माझे मन स्वच्छ नाही. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मदतीचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये टाकून दिला आणि एक खिशात मावणारी वही दिली. एक दिवस काहीही कमी करू नकोस, फक्त प्रत्येक झुरक्याला एक रेघ ओढ, एवढेच सांगितले. सोमवारी दुपारी अडीचला त्याचा फोन आला.

"मामा, एकशे चाळीस झाल्या. अजून प्रॅक्टिकल व्हायचंय."

"बरं. पुढच्या रेघा ओढत राहा."

"मला वाटलं होतं तीस-चाळीस होतील."

मग तो काही क्षण गप्प राहिला. मागे कॉरिडॉरमधला मुलांचा गलका ऐकू येत होता. "रविवारी येऊ का वही घेऊन?" त्याने विचारले. मी ये म्हटले, आणि येताना ती नळी बॅगेत तळाशी, सहज हाताला लागणार नाही अशी ठेव, असेही सांगितले.