बालाघाटावरचं जुनं हार्वेस्टर : आमची वाटचाल

लातूर-औशाच्या सलग काळ्या रानात सुगीला पंजाबातून चौदा फुटी कटर बारची हार्वेस्टर येतात आणि बघता बघता शिवार मोकळं करतात. बालाघाटाच्या धारूर-केज-अंबाजोगाई डोंगरपट्ट्यात ती फारशी चढत नाहीत. चढली तरी रस्त्यालगतचं सपाट वावर काढून निघून जातात. त्यात त्यांचा दोष नाही. आमच्याकडं ताली (उतारावरचे दगड-मातीचे बांध) घातलेली अर्ध्या-पाऊण एकराची तुकडी, मुरमाड रान, वर डोकावणारे दगड आणि बैलगाडीपुरती पाणंद. एवढं मोठं धूड तिथं वळणार कुठं?

आणि नेमकी याच भागातली माणसं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली टोळी कुणासाठी थांबत नाही. सोयाबीन काढणीला येतं तेही त्याच दिवसांत, आणि परतीचा पाऊसही तेव्हाच. मग जी माणसं मागं राहतात ती पेरलेल्या बियाण्याच्या बॅगेमागं मागतील तो दर. शेंगेतच कोंब फुटलेलं सोयाबीन ज्यानं आपल्या रानात पाहिलं आहे, त्याला आठ दिवस काढणी लांबली म्हणजे काय होतं ते सांगावं लागत नाही.

वडिलांचं मळणी यंत्र होतं. काढणी, बनीम म्हणजे काढलेल्या पिकाची गंजी, मग मळणी, हे सगळं आम्ही भावांनी लहानपणापासून केलेलं. काढायलाच माणूस मिळेना तेव्हा हार्वेस्टर घ्यायचं ठरवलं. नव्या यंत्राला अनुदान मिळतं, जुन्याला मिळत नाही. पण आमच्याकडं हंगाम दोनच, खरिपाचं सोयाबीन आणि रब्बीचा हरभरा-गहू, तोही लहान तुकड्यांचा. नव्या यंत्राचा बँकेचा हप्ता त्यातून निघत नव्हता. म्हणून जुनं घ्यायचं, पण चाकाचं नाही, रणगाड्यासारख्या पट्ट्यावर चालणारं.

पट्ट्याची यंत्रं भाताच्या चिखलासाठी असतात. निजामाबादकडं, तेलंगणच्या भातपट्ट्यात, ती वापरात आहेत आणि आपल्या नांदेडपासून तो भाग लांब नाही. कापणी सात फुटांच्या आसपास, त्यामुळं तालीच्या आत वळतं. पट्टा रुंद असल्यानं वजन पसरतं, भुसभुशीत उतारावर घसरत नाही. मात्र भातात चाललेलं यंत्र घेताना नजर वेगळी लागते. भाताचं तूस वाळूसारखं घासतं. वरून रंग मारलेला असतो, आतला पत्रा कागद झालेला असतो. आम्ही ऑगरची, म्हणजे माल पुढं ढकलणाऱ्या मळसूत्राची, पाती बोटानं दाबून पाहतो, दाणा वर चढवणाऱ्या एलेव्हेटरच्या तळाला पान्याची दांडी वाजवतो. जाड पत्र्याचा आवाज भरीव येतो, झिजलेला चिरकतो. खालच्या रोलरच्या सीलमध्ये चिखल शिरला की बेअरिंग गेलंच समजायचं, म्हणून पट्टा उचलून एकेक रोलर हातानं फिरवायचा. इंजिन थंड असतानाच सुरू करून मागायचं. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे जायचं. ऑईलचं झाकण काढल्यावर धुराचा भपका आला तर रिंगा-लायनर गेलेले. तासांच्या मीटरवर आम्ही विसंबत नाही. क्लचच्या पायट्याचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा जास्त खरं सांगतात.

कागदांकडं तेवढंच लक्ष हवं. चासी नंबर स्वतः घासून वाचायचा आणि आरसीशी ताडून पाहायचा, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला घ्यायचा, परराज्यातली नोंदणी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात पडल्याशिवाय शेवटचा पैसा द्यायचा नाही.

यंत्र आणल्यावरचं मोठं काम मळणीच्या ड्रमचं होतं. भाताचा ड्रम दातेरी आणि वेगात फिरणारा. त्याच वेगात सोयाबीन घातलं की दाण्याची डाळ होते. पुली बदलून वेग निम्म्याच्या आसपास आणला, जाळीतलं अंतर वाढवलं. बियाण्याचं रान असेल तर अजून हळू. सोयाबीनचं साल पातळ, मार बसला की उगवण जाते.

खरा पेच उताराचा. यंत्र एका अंगाला कललं की चाळणीवरचा सगळा माल खालच्या बाजूला सरकतो. ते बाहेरून दिसत नाही. पाहायचं असेल तर काम चालू असताना इंजिन एकदम बंद करायचं आणि मागचं झाकण उघडायचं. खालच्या कडेला दाणा-भुसकटाचा वीतभर थर आणि वरच्या कडेला चाळणीचा उघडा पत्रा चमकताना दिसतो. पंख्याची हवा त्या उघड्या जागेतून सुसाट निघून जाते, आणि जाड थरातला दाणा न चाळता भुसकटाबरोबर मागं पडतो. मिस्त्रीकडून आम्ही चाळणीवर लांबीच्या दिशेनं उभ्या पट्ट्या बसवून घेतल्या. त्यामुळं माल आपापल्या खणात राहतो. अमेरिकेत वॉशिंग्टन-आयडाहोच्या पालूस टेकड्यांत गव्हासाठी अशी यंत्रं चालतात की चाकं उतारावर आणि धड मात्र सपाट. तसलं यंत्र आपल्या आवाक्यात नाही, पण अडचण तीच आहे.

वर चढताना माल मागं धावतो, तिथं वेग आणि हवा दोन्ही कमी. उतरताना माल पुढं तुंबतो, तिथं एका वेळी कमी पीक घ्यायचं. दाण्याची टाकी निम्मी भरली की रिकामी करायची, कारण भरली टाकी यंत्राच्या माथ्यावर असते आणि आडव्या उतारावर तीच यंत्र पालथं करते. रिकामं उतरवतानाही हेडर, म्हणजे पुढचा कापणीचा भाग, खाली, पहिला गिअर आणि क्लचवर पाय नाही. पाणी मुरवायला उतारावर सलग समतल चर खोदलेलं रान आम्ही घेत नाही, कुणीही कितीही आग्रह केला तरी.

मागं किती सांडलं हे शेतकऱ्याला आम्ही मोजून दाखवतो. फूट बाय फुटाची सळईची चौकट यंत्रामागं पाच-सहा ठिकाणी टाकायची आणि दाणे मोजायचे. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरलं, तर चौकटीत सरासरी 4 दाणे म्हणजे एकरी सुमारे 21 किलो नुकसान. 2025-26 च्या क्विंटलला 5,328 रुपये हमीभावानं ते हजाराच्या वर जातं. त्यात झाडावरूनच आधी फुटलेल्या शेंगांचे दाणे असतात, ते न कापलेल्या पट्ट्यात चौकट टाकून वजा करतो.

म्हणूनच ड्रायव्हरला एकरावर भत्ता द्यायचा नाही, हे आम्ही पहिल्यापासून पाळलं. एकरावर पैसे मिळाले की पाय आपोआप रेसवर जातो, आणि डोंगरात त्या घाईची किंमत शेतकरी मोजतो. आमच्या दोघा ड्रायव्हरना हंगामाचा ठरलेला पगार आहे. शेतकऱ्याकडून आम्ही तासावर पैसे घेतो. तास वाढवतील अशी शंका आधी सगळ्यांना होती. आता घड्याळ शेतकऱ्याच्याच हातात असतं, आणि यंत्र तुंबून उभं राहिलेला वेळ धरत नाही.

सकाळी दव असेपर्यंत शेंगा चिवट असतात, दहा-साडेदहाच्या आधी यंत्र चालवण्यात अर्थ नसतो. तो वेळ आमचा ग्रीसचा. पात्यांचे रिव्हेट, फीडर चेनचा ताण, रेडिएटरच्या जाळीवरचं भुसकट, सायलेन्सरजवळ साचलेली धूळ. ही धूळ रोज झाडलीच पाहिजे. वाळलेल्या गुळीला (सोयाबीनच्या भुसकटाला) तापलेल्या लोखंडाची ठिणगी पुरते. अग्निशामक नळकांडं आणि पाण्याचा ड्रम सोबत असतोच. सोयाबीनच्या शेंगा अगदी बुडाला, म्हणून कटर जमिनीला घासून चालतं आणि दगड गिळतं. ज्यांचं काम घेतो त्यांना आधीच सांगतो, डवरणीच्या वेळीच दगड वेचून बांधाला टाका.

हंगाम संपला की यंत्र आखाड्यावर, शेतातल्या गोठ्या-खळ्याच्या जागी, येतं. आतलं सगळं भुसकट काढायचं, नाहीतर उंदीर वस्ती करतात आणि वायरिंग खातात. बेल्ट सैल, बॅटरी घरात, पात्यांना जुनं ऑईल. उन्हाळ्यात ड्रम उघडून जे बदलायचं ते बदलायचं. ऐन अश्विनात बेअरिंग शोधायला लातूर गाठावं लागलं तर दिवस गेला, आणि आभाळ भरून आलेलं असताना एका दिवसात एखाद्याचं वर्ष जातं.

हरभऱ्यात आता काम वाढतं आहे. राहुरीच्या विद्यापीठाचं फुले विक्रम हे वाण उंच वाढतं, घाटे वर लागतात, यंत्रानं नीट निघतं. बुटक्या हरभऱ्याचं काम आम्ही नाकारतो, घाटे खालीच राहतात. आणि वरच्या वस्त्यांवरच्या काही शेतकऱ्यांनी यंदा उन्हाळ्यात तालीच्या कोपऱ्याला दगड-मुरूम भरून एका तुकड्यातून दुसऱ्यात उतरायला वाट केली आहे. आजवर तिथं यंत्र पोचतच नव्हतं. या सुगीत पहिलं काम तिकडचं धरलं आहे.