२०७३ साली जन्मलेली मुलगी

म्हापशातल्या आमच्या इमारतीचा वॉचमन नेपाळचा. गेल्या मे महिन्यात गावाहून बायको-मुलीला घेऊन आला आणि म्हणाला, "दिदी, हिला शाळेत घालायचंय, तुम्ही जरा बोला ना." मला वाटलं, एका सकाळचं काम. त्यात अर्धा जून गेला.

जवळच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी जन्मदाखला हातात घेतला आणि चष्मा कपाळावर ढकलला. "अहो, जन्मसाल २०७३? ही अजून जन्माला यायचीय!" नेपाळात विक्रम संवत चालतो. श्रावणातला जन्म, म्हणून ५७ वजा केले. निघालं २०१६.

साल सुटलं, तर आधार नाही. "निर्वासित आहेत का हे?" बाईंनी विचारलं. नाहीत. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे हे लोक व्हिसाशिवाय इथे राहू शकतात, काम करू शकतात. पण संगणकावरच्या रकान्याला करार कळत नाही. "वरून विचारून या," म्हणाल्या. वरच्यांनी परत शाळेकडे पाठवलं. अशा दोन खेपा, दोन्ही भर पावसात.

तिसऱ्या खेपेला २००९चा शिक्षण हक्क कायदाच छापून नेला. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४. आणि 'बालक' म्हणजे ६ ते १४ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, एवढीच व्याख्या. नागरिक हा शब्द त्यात नाही. मी आवाज चढवला नाही, पण कागद टेबलावरून उचललाही नाही.

मग बाई म्हणाल्या, मराठी येत नाही, पहिलीत बसवू. कलम ४ दाखवलं: वयानुसार वर्ग. तिसरी मिळाली.

पहिल्याच दिवशी बाईंनी पुस्तक पुढे केलं आणि पोरीने धडा घडाघडा वाचून काढला. नेपाळीही देवनागरीतच लिहितात ना! अर्थ मात्र एका ओळीचाही कळत नव्हता. अडली ती फक्त 'ळ'वर, तो नेपाळीत नाही. 'फळा'चा 'फला', 'शाळे'ची 'शाले'. 'चमचा' मात्र अस्सल मराठी. आमच्या मजल्यावरच्या इंग्रजी माध्यमवाल्यांना तसा 'च' जमत नाही.

मधल्या सुट्टीत पोरं कोंकणीच बोलतात, म्हणून तीही उचलली. आता बाईंना 'हो' आणि मैत्रिणींना 'हय'. 'हो' तर तिच्या नेपाळीतलाच.

आधारचा रकाना अजून रिकामाच आहे.