काडतुसाचं बूड वाचताना

काल डेन्व्हरजवळ जुन्या लष्करी वस्तूंच्या प्रदर्शनाला गेलो होतो. सगळी गर्दी तलवारी आणि गणवेशांपुढे. मी मात्र एका आजोबांच्या टेबलाला चिकटलो. त्यांच्याकडे फक्त पश्चिमेकडच्या जुन्या छावण्यांच्या काळातली, मातीतून निघालेली रिकामी काडतुसं.

एक हातात दिलं. .४५-७० स्प्रिंगफील्ड या जुन्या लष्करी बंदुकीचं, तांब्याचं, हिरवट पडलेलं. बुडावर प्रायमरची, म्हणजे ठिणगी पाडून दारू पेटवणारी, टिकलीच नाही! तो आत असतो म्हणे, आणि बाजूच्या दोन खाचा त्याला धरून ठेवतात. माती पुसली तर अक्षरं दिसली: आर, एफ, ९, ७८. म्हणजे रायफल, फिलाडेल्फियाचा फ्रँकफर्ड आर्सेनल हा लष्करी दारूगोळ्याचा कारखाना, सप्टेंबर १८७८. हे शिक्के १८७७ च्या मार्चपासूनचे. घोडदळाच्या कार्बाइनसाठी, म्हणजे आखूड बंदुकीसाठी, 'सी', त्यात दारू ७० ऐवजी ५५ ग्रेन (दारू तोलायचं छोटं माप). बंदूक तापली की हे मऊ तांबं आत अडकून बसायचं. ऐन धुमश्चक्रीत बिचाऱ्या शिपायाने करायचं काय?

आजोबांचा माल खासगी रँचवरचा, मालकाला विचारून काढलेला. केंद्र सरकारच्या जमिनीवर असं विनापरवाना खोदणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मला ते शंभर टक्के पटतं. लिटल बिगहॉर्नला, म्हणजे १८७६ मध्ये अमेरिकी घोडदळ मूळनिवासी योद्ध्यांकडून हरलं त्या माँटानातल्या रणांगणावर, १९८३ च्या वणव्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर फिरवले, प्रत्येक काडतुसाची जागा नोंदवली आणि फायरिंग पिनच्या (काडतुसावर आपटणाऱ्या खिळीच्या) खुणा जुळवून एकेक बंदूक रणांगणात कुठून कुठे गेली ते शोधलं. कुणी आधीच खिशात घातलेल्या काडतुसाचा त्यात काय उपयोग?

तरी पाच डॉलरला एक घेतलंच. बायकोचा हुकूम: देवघराच्या आसपास ठेवायचं नाही.