ट्रेनरचे पाय कुठे आहेत ते बघा

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत डावीकडच्या सीटसमोर दोन जादा पेडलं असतात, एक क्लचचं आणि एक ब्रेकचं. ॲक्सिलरेटर तिकडे नसतो. ही पेडलं रॉडने किंवा केबलने तुमच्या पेडलांना जोडलेली असतात, त्यामुळे ट्रेनरने तिकडे क्लच दाबला की इकडे तुमच्या पायाखालचं पेडलही खाली जातं. लक्ष दिलं तर तळव्याला हे स्पष्ट कळतं. आपण जोर लावलेला नसतो आणि पेडल पायाखालून सटकतं. गाडी शिकायला बसलात की पहिल्या दिवसापासून हे ओळखायला शिका. सिग्नलला गाडी अलगद थांबली, पहिल्या गिअरवर झटका न खाता निघाली आणि त्या वेळी तुमचा पाय पेडलवर नुसता टेकलेला होता, तर ती गाडी ट्रेनरने चालवली.

कोर्स पूर्ण होतो, लायसन्स घरी येतं आणि स्वतःची गाडी मात्र सोसायटीच्या गेटवरच तीन-चार वेळा बंद पडते, याचं मोठं कारण हे आहे. ‘लायसन्स आहे, पण चालवत नाही’ असं सांगणारी माणसं, त्यातही बायका, जवळपास प्रत्येक घरात भेटतात. त्यांना गाडी जमत नाही असा समज करून घेऊ नये. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडल्यावर गाडी ओढ घेते ती जागा, त्यांच्या पायाला कधी सापडलाच नाही, कारण वीस दिवस तो दुसऱ्याच्या पायाने सांभाळला.

म्हणून क्लास शोधताना फी, गाडीचं मॉडेल आणि घरापासूनचं अंतर या गोष्टी मागाहून बघा. आधी एक विनंती करा: ‘सर, पैसे भरायच्या आधी एक दिवस मागच्या सीटवर बसू का?’ बऱ्याच क्लासमध्ये एका फेरीला दोन-तीन विद्यार्थी गाडीत असतातच, त्यामुळे यात अडचण यायचं कारण नाही. मागे बसून दोन गोष्टी बघायच्या, ट्रेनरचे पाय आणि त्याचा उजवा हात. शिकणारा पहिल्या दोन-तीन दिवसांतला असेल तर ट्रेनरचा हात स्टिअरिंगवर आणि पाय पेडलवर असणारच, ते बरोबर आहे. पण आठवडा उलटलेल्या विद्यार्थ्यासोबतही हात स्टिअरिंगवरच असेल तर तिथे शिकणं थांबलेलं आहे. चांगल्या ट्रेनरचा हात तोवर मांडीवर किंवा हँडब्रेकजवळ आलेला असतो. पाय पेडलच्या वर, न टेकता, तयारीत असतात. विद्यार्थी गाडी बंद पाडतो, तेव्हा असा ट्रेनर ती पडू देतो आणि मग विचारतो, ‘का बंद पडली, सांगा बघू?’

तिसरी गोष्ट ऐकायची असते. ट्रेनर सूचना कधी देतो? ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. रिक्षा थांबलेली दिसली आणि ‘ब्रेक! ब्रेक! क्लच!’ असा आवाज ती दहा मीटरवर आल्यावर झाला, तर नवशिक्याच्या हाती काही उरत नाही. तो दचकतो, दोन्ही पाय खच्चून दाबतो, आणि पुढच्या वेळी रस्त्याकडे बघायचं सोडून ट्रेनरच्या ओरडण्याची वाट बघायला लागतो. तीच सूचना तीन सेकंद आधी, म्हणजे तीस-पस्तीस मीटरवर, अशी यायला हवी: ‘पुढे रिक्षा उभी आहे. ॲक्सिलरेटर सोडा. उजवा आरसा बघा. मागे बाइक आहे का?’ आवाज चढवणारा ट्रेनर वाईट का, तर तो उशिरा बोलतो म्हणून. वेळेत बोलणाऱ्याला ओरडावंच लागत नाही.

आता कागदाचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलला आरटीओचा परवाना लागतो. तो पाच वर्षांसाठी असतो आणि ऑफिसात दिसेल असा लावावा लागतो. गाडीला ड्युअल कंट्रोल, म्हणजे ट्रेनरच्या बाजूची ती जादा पेडलं, हवं, तिच्यावर स्कूलचं नाव आणि पत्ता ठळक हवा. शिकवणाऱ्याकडे निदान पाच वर्षांचा ड्रायव्हिंगचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र हवं. नियम ३१ तर प्रत्येक शिकणाऱ्याने पाठ करावा असा आहे: खाजगी वाहनाच्या शिक्षणाचा कालावधी किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचा वेळ किमान १० तास. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याने रोज किती वेळ गाडी चालवली याची नोंद स्कूलने फॉर्म १५ मध्ये ठेवायची असते. ती नोंद बघायला मागा. हक्काने मागा.

हे दहा तास कसे आटतात ते हिशेब केल्यावर दिसतं. अर्धा तास रोज, २१ दिवस, म्हणजे साडेदहा तास. कागदावर जमतं. पण त्या अर्ध्या तासात आधीच्या विद्यार्थ्याला घरी सोडणं, पुढच्याला घेणं, सीएनजीच्या रांगेत उभं राहणं हे सगळं आलं तर चाकामागे वीस मिनिटं उरतात. वीस मिनिटांप्रमाणे २१ दिवसांचे सात तास होतात. कोर्स १५ दिवसांचा असेल तर पाच. पाच तासांत कोणीही गाडी शिकत नाही. त्यामुळे फी विचारताना ‘किती दिवस’ याच्याआधी ‘मी स्वतः स्टिअरिंगवर किती मिनिटं’ हे विचारा, आणि पहिल्या दिवसापासून मोबाइलवर वेळ लिहून ठेवा. तुलनेसाठी सांगतो: २०२१ मध्ये लागू झालेल्या नियमांत मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा ठेवला आहे, त्यात ८ तास थिअरी आणि २१ तास प्रॅक्टिकल. तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ असते. तुमच्या जिल्ह्यात असं केंद्र असेल तर त्याचा जरूर विचार करा.

लर्निंग लायसन्स आता आधारवरून घरबसल्या निघतं. त्याची परीक्षा १५ प्रश्नांची असते, ९ बरोबर यावे लागतात. ती स्वतः द्या. एजंट किंवा क्लासवाला ‘मी करून देतो’ म्हणाला तरी त्याला करू देऊ नका, कारण चिन्हं आणि उजव्या-डाव्याचे नियम वाचायची तेवढीच एक वेळ असते. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. या मधल्या काळात गाडीवर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला.

शिकवण्याची सुरुवात कशी होते यावरून ट्रेनरचा दर्जा पहिल्याच दिवशी कळतो. सीट, आरसे आणि क्लच यांवर त्याने पहिल्या दिवसाचा अर्धा वेळ खर्च करायला हवा. सीटचं माप असं: क्लच पूर्ण आत दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. उंची कमी असेल तर बुडाखाली कडक उशी घ्या, मऊ उशी वळणावर सरकते. साइड मिररमध्ये आपल्या गाडीची फक्त एक बारीक पट्टी दिसावी, बाकी सगळा रस्ता.

मग हाफ क्लच. सपाट मोकळी जागा, पहिला गिअर, हँडब्रेक खाली, उजवा पाय ब्रेकवर तयार पण न दाबलेला. ॲक्सिलरेटरला हातसुद्धा लावायचा नाही, म्हणजे पाय. टाच फरशीवर टेकवून डावा पाय इंचभर वर, मग आणखी कणभर. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज थोडा जड होतो, बॉनेट किंचित थरथरतं, गाडी पुढे ओढ घेते. तिथे पाय दोन सेकंद धरून ठेवायचा. लोक चुकतात ते इथेच: गाडी हलली की काम झालं असं वाटून उरलेला क्लच एकदम सोडतात, मग झटका बसतो आणि गाडी बंद. त्या जागी पाय थांबवून, गाडी माणसाच्या चालीने सरकायला लागली की उरलेला क्लच सावकाश सोडायचा. हे ॲक्सिलरेटरशिवाय लागोपाठ दहा वेळा, एकदाही बंद न पाडता जमेपर्यंत दुसरा गिअर शिकू नका. ट्रेनर पहिल्याच दिवशी थेट मेन रोडला घेऊन गेला आणि तिसरा गिअर टाकायला लावला तर खूप शिकल्यासारखं वाटतं, पण तेव्हा क्लच त्याच्या पायाखाली असतो.

दहाव्या-बाराव्या दिवशी चढ मागून घ्या. फ्लायओव्हर ठीक आहे, पण खरी अडचण बेसमेंट पार्किंगच्या रॅम्पवर येते. तो फ्लायओव्हरपेक्षा खूप उभा असतो, वर तोंडाशी वळण असतं आणि वॉचमनने समोरची गाडी सोडली की मधेच थांबावं लागतं. तिथे हँडब्रेकची पद्धत शिका. गाडी थांबली की हँडब्रेक वर ओढा. पहिला गिअर. थोडा रेस द्या आणि क्लच हाफवर आणा. आवाज जड झाला, पुढचा भाग जरासा उचलल्यासारखा वाटला, म्हणजे इंजिनाने भार घेतला. आता, आणि आताच, हँडब्रेक सोडा. भार घ्यायच्या आधी सोडला तर गाडी मागे जाते. घाबरून क्लच सोडला तर बंद पडते. आणि गाडी मागे जाऊ नये म्हणून रेस देत हाफ क्लचवर लटकत राहिलात तर जळका वास येतो. ती क्लच प्लेट आहे, तेव्हा थांबा आणि पुन्हा सुरुवात करा. बऱ्याच नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो, पण तो ब्रेक दोनेक सेकंदच धरून ठेवतो. पाय हलायला शिकलेला असेल तरच ते दोन सेकंद कामी येतात.

ब्रेकबद्दल एक चुकीची सवय क्लासमधूनच लागते: ब्रेक मारताना दर वेळी क्लचही दाबायचा. डावीकडून ट्रेनर दोन्ही एकदम दाबतो, म्हणून विद्यार्थ्याचेही पाय तसेच वळतात. चाळीसच्या वेगात क्लच दाबला की चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो, इंजिन गाडीला रोखायचं थांबतं आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. आधी ब्रेक, आणि गाडी पंधरा-वीसच्या खाली आली की क्लच. घाटात उतरताना हे जीव वाचवणारं आहे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीही नाही, आणि अरुंद जागी वर येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या.

रिव्हर्स आणि ‘एच’ (टेस्टसाठी H आकारात गाडी पुढे-मागे नेणं) यांवर क्लासवाले भरपूर वेळ देतात, त्यामुळे थोडक्यात. ‘मागच्या काचेत खांब दिसला की फुल्ल उजवं’ अशा खुणा त्या गाडीला आणि त्या मैदानालाच लागू पडतात. टेस्ट पास होते, मॉलच्या पार्किंगमध्ये उपयोग होत नाही. त्याऐवजी मागे वळून बघत, क्लचवर गाडी मुंगीच्या वेगाने सरकवा आणि मागची चाकं कुठे चालली आहेत आणि पुढचं टोक कोणत्या बाजूला फिरतंय, हे डोळ्यांनी शिका. जजमेंट म्हणतात ते हेच.

क्लासची वेळ सकाळी सहा-सातची मिळाली तर पहिले दहा दिवस उत्तम. पण रिकाम्या रस्त्यावर शिकलेला माणूस संध्याकाळच्या गर्दीत गोठतो. शेवटचे पाच-सहा दिवस संध्याकाळी सहा-सातची वेळ आधीच ठरवून घ्या, एखादा दिवस अंधार पडल्यावरचा आणि पावसाळा असेल तर एक भर पावसातला. पावसात समोरची काच आतून धुरकट झाली की पुसू नका, एसी चालू करून हवा काचेवर सोडा.

शेवटचे दोन तास स्वतःच्या गाडीवर मागा. क्लासच्या गाडीचा क्लच रोज दहा-पंधरा नवशिके वापरतात, प्लेट झिजलेली असते आणि पेडल बरंच वर आल्यावर पकडतं. नवी गाडी खालीच पकडते, म्हणून पहिल्या दिवशी ती उडी मारून बंद पडते. वर सांगितलेला दहा वेळांचा सराव नव्या गाडीवर पुन्हा करा. तुमच्या गाडीत ड्युअल कंट्रोल नसतं, तेव्हा शेजारच्या माणसाचा हात हँडब्रेकजवळ हवा. हे नवऱ्यासोबत, बाबांसोबत किंवा भावासोबत करत असाल तरी तेच, आणि मोबाइल खिशात. घरची गाडी ऑटोमॅटिक असेल तर लायसन्स तेच चालतं. फक्त डावा पाय फूटरेस्टवर ठेवायची सवय मुद्दाम लावावी लागते, नाहीतर तो क्लच शोधत ब्रेकवर जातो आणि गाडी जागच्या जागी गचकन थांबते.

बाईंकडून शिकायचं असेल तर तसं पहिल्याच फोनवर सांगा. मोठ्या शहरांत महिला ट्रेनर मिळतात, त्यांच्या सकाळच्या वेळा लवकर भरतात. आणि लायसन्स काढून पाच-सात वर्षं गाडीला हात लावला नसेल तर पुन्हा पूर्ण कोर्स घेऊ नका. सात-आठ दिवसांचा रिफ्रेशर मागा आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: ‘गिअर, स्टिअरिंग येतं. क्लच तुम्ही दाबू नका.’

फी अर्धी आधी, अर्धी दहाव्या दिवशी, असं बोलून घ्या. बहुतेक क्लासवाले तयार होतात. पाचव्या दिवशी पेडल अजूनही पायाखालून सटकत असेल तर आधी ट्रेनरला सांगा, ‘सर, पाय वर घ्या, बंद पडली तर पडू दे.’ चांगला माणूस लगेच ऐकतो. नाही ऐकलं तर मालकाला फोन करून दुसरा ट्रेनर मागा, संकोच न करता. सातव्या दिवसापर्यंत बदल नाही झाला तर उरलेली अर्धी रक्कम दुसऱ्या क्लासमध्ये भरा.