केस आले, मग अजून मास्क का?

जिन्यात, भाजीवाल्यापाशी, पालकसभेत सगळीकडे हाच प्रश्न येतो: "केस आले, अंग धरलं, ट्रीटमेंट संपून पाच महिने झाले. अजून मास्क कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

माझ्या बारा वर्षांच्या लेकाला झाला तो बी-सेल लिम्फोमा, लिम्फोसाइटचा कॅन्सर. लिम्फोसाइट म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्याच बिघडल्या आणि पोटात गाठ वाढली. राखणदारालाच झालेला रोग तो. त्यावरची केमो झपाट्याने वाढणारं सगळंच मारते, अस्थिमज्जेत रोज नव्याने तयार होणाऱ्या चांगल्या पेशीसुद्धा. केमोच्या प्रत्येक सायकलनंतर आठ-दहा दिवसांनी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडायचे. जंतूंवर पहिल्यांदा धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, 500 च्या खाली गेले की मी थर्मामीटर उशाशी घेऊन झोपायचे. ते नसले की पू धरत नाही, सूजही फारशी येत नाही. ताप हीच काय ती खूण. एकदा 100.4 दिसला आणि रात्री दोन वाजता सिंहगड रस्त्याने तसेच हॉस्पिटल गाठलं.

न्यूट्रोफिल आता छान आहेत. पण त्याला रिटुक्सिमॅब नावाचं औषधही दिलं होतं. ते चांगल्या-वाईट सगळ्या बी-पेशी मारतं, आणि अँटिबॉडी (जंतूंना रोखणारी प्रथिनं) बनवणारी नवी फळी उभी राहायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. टी-पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइट, त्याही सावकाशच सावरतात. म्हणून न्यूमोनिया होऊ नये यासाठी आठवड्यातून तीन दिवस सेप्ट्रान या अँटिबायोटिकची गोळी चालू आहे. यंदा पालख्या त्याने लक्ष्मी रस्त्यावरच्या आत्याच्या गॅलरीतून पाहिल्या. खाली उतरू दिलं नाही. रडला.

मला सगळ्यात लागलं ते लसींचं. एकही डोस चुकवला नव्हता, कार्ड अजून कपाटात आहे. केमोनंतर त्या लसींनी दिलेलं संरक्षण पुष्कळदा ओसरतं, पुन्हा डोस घ्यावे लागतात. त्यात गोवर-कांजिण्यांच्या लसी जिवंत विषाणूंच्या, त्या इतक्यात देता येत नाहीत. तोवर तुमच्या मुलांनी घेतलेल्या लसी हाच त्याचा आडोसा. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर मला त्याच दिवशी फोन करा, रात्र असली तरी. तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकं बरं.

पुढच्या महिन्यात धनुर्वात-घटसर्पाचा डोस आहे. सातवीतला मुलगा, तान्ह्या बाळांच्या रांगेत बसणार आहे.