भर पावसात पाहिलेली डुकरांची घरं

डुकरांचं शेड बघायचं तर पावसातच बघ, असं एका ओळखीच्या पशुवैद्यांनी सांगितलं होतं. म्हणून श्रावणात, पाऊस धरलेला असतानाच आम्ही नवराबायको दोडामार्गहून निघालो. दोन माद्या आणि त्यांची पिल्लं, एवढाच आमचा बेत. घरामागे काजूच्या कडेला अर्धा गुंठा सपाट जागा आहे, तिथे काय बांधावं ते कळत नव्हतं.

पहिला मुक्काम डिचोलीजवळ. चार फूट उंच चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा. मालकांनी कोबा गुळगुळीत न करता ओला असतानाच त्यावर खराटा फिरवला होता, म्हणून जनावरं घसरत नव्हती. फार खरखरीत केला तर खूर सोलवटतात, हेही त्यांनीच सांगितलं. उतार दर चार फुटांना एक इंच. चूक झाली होती ती गटाराची. गटार खोलीच्या आतून काढलेलं, गवत अडकून तुंबलेलं, आणि झडीच्या पावसाबरोबर शेणपाणी परत आत येत होतं. "गटार भिंतीबाहेर काढा आणि वरून उघडं ठेवा," असं त्यांनी दोनदा बजावलं. हा एक धडा घेतला तरी आमचं जाणं वसूल झालं.

व्यायला आलेल्या मादीची खोली मी टेपने मोजून घेतली: 8 बाय 10 फूट. भिंतीपासून आणि जमिनीपासून आठ-दहा इंचांवर लोखंडी पाइप बसवला होता. मादी भिंतीला टेकून धपकन बसते तेव्हा पिल्लं त्या पाइपाखाली सरकतात आणि चिरडत नाहीत. कोपऱ्यात पिल्लांसाठी बल्ब लावलेला. पहिले काही दिवस त्यांना 30 ते 32 अंश ऊब लागते आणि आईला मात्र तेवढ्या उष्म्यात धाप लागते, म्हणून ऊब फक्त त्या कोपऱ्यातच द्यायची. गाभणकाळ सुमारे 114 दिवसांचा, तेव्हा खोली कधी रिकामी हवी हे आधीच कळतं. तिथल्या ताईंनी सगळं भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्यात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत फक्त माहितीपुरते थांबलो आणि मग सासष्टीतल्या एका शेतावर गेलो. इथे कोबा नव्हता. दोन फूट जाडीचा भुसा आणि भाताचं तूस घातलेलं. डुकरं ते उकरत राहतात, शेणमूत्र त्यात मुरतं, रोज धुवावं लागत नाही आणि शेवटी बागेला खत मिळतं. वास खरोखरच कमी होता. पण ओल आली की सगळं बिघडतं. त्यांनी जोतं दोन फूट उचललं होतं, छप्पर तीन फूट पुढे काढलं होतं आणि पश्चिमेला माडाच्या झावळ्यांच्या झडी बांधल्या होत्या. उन्हाळ्यात मात्र हा थर कुजताना तापतो आणि डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. मार्च ते मे या दिवसांत ते थर पातळ करतात आणि दुपारी पाणी फवारतात.

तिसरा दिवस काणकोणचा. करमल घाटात धुकं होतं, गाडी सावकाश हाका. आगोंद गावाचं नाव मिळालेली आगोंदा गोवन ही देशी डुकराची नोंदणीकृत जात. काळी, काटक जनावरं. एका घरी ती कुंपणात मोकळी होती, आडोशाला झावळ्यांचं खोपटं. उन्हाळ्यात हे फार छान असेल. त्या दिवशी मात्र पोटापर्यंत चिखल, आणि चिखलात जंतांचा त्रास वाढतो. पावसाळ्यात मी तरी माझी जनावरं अशी ठेवणार नाही.

आम्ही ठरवलं ते असं: व्यायच्या दोन खोल्या कोब्याच्या, वाढत्या पिल्लांसाठी 8 बाय 12 फुटांचे तुसाचे दोन कप्पे, एकेका कप्प्यात आठ जनावरं. लांबी पूर्व-पश्चिम.

तुम्ही जाणार असाल तर एका दिवसात एकच शेत बघा. आधी फोन करा, चपला आणि कपडे दुसरे न्या, रात्री आंघोळ करून पहिले कपडे वेगळे बांधा. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग 2020 मध्ये आसामात आढळला तेव्हापासून पाहुण्यांना आत न घेणारे मालक आहेत, आणि त्यांचं बरोबरच आहे; त्या रोगावर उपचार नाही. कुणी दारातूनच परतवलं तर वाईट वाटून घेऊ नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज, जरूर आणा, पण त्याचं उरलंसुरलं आपल्या डुकरांच्या खरकट्यात जाऊ देऊ नका, कारण विषाणू खारवलेल्या मांसातही टिकतो. पोचायची वेळ सकाळी खाणं घालायच्या आधीची ठेवा. रात्रभराचं पाणी कुठे साचलंय ते तेव्हाच दिसतं.