भालूचा दुसरा उन्हाळा : मार्च ते मृग

मार्चअखेर
मागच्या वर्षीची चूक आधी सांगतो, यंदाच्या नोंदी तिथूनच सुरू होतात. भालू लांब केसांचा जर्मन शेफर्ड, वय चार, वजन ३९ किलो, मुक्काम नागपूर. गेल्या एप्रिलात त्याची तगमग बघवेना म्हणून मशीन लावून त्याला पार भादरून आणलं. पाठीवर थेट ऊन लागायला लागलं, कातडी लाल झाली, आणि दिवाळी उलटली तरी कमरेवरचे राठ केस नीट आले नव्हते, नुसती पिंजल्यासारखी लोकर आली. तेव्हा कळलं की वरचे राठ केस ऊन अडवतात. उष्णता कोंडते ती आतल्या सुटलेल्या, पण अडकून बसलेल्या अंडरकोटमध्ये, म्हणजे राठ केसांखालच्या मऊ लोकरीत. तो काढायचा आणि वरच्या केसांना कात्री लावायची नाही, हे यंदाचं ठरलेलं.

एप्रिल, पहिले दोन आठवडे
रोज रात्री गच्चीवर अर्धा तास विंचरणं. आधी अंडरकोट रेक (लांब दातांची फणी), मग स्लिकर ब्रश (बारीक तारांचा). पाठ सोपी असते, सगळे तीच विंचरतात. खरी लोकर असते मांड्यांच्या मागच्या झालरीत, मानेच्या आयाळीत आणि कानांमागे. कानामागे तर बोटभर लांबीच्या गुठळ्या निघाल्या, आधी बोटांनी सोडवून मगच रेक. एका जागी दाबून फिरवला तर कातडी सोलते, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन पिशव्या भरल्या.

झालं की नाही हे बघायची माझी रीत : केसांवर जवळून फुंकर मारायची. केस दुभंगून खाली गुलाबी कातडी दिसली तर वारा आत पोचतोय. करडी गादी दिसली तर अजून काम बाकी आहे. पंधराव्या दिवशी पाठ, छाती, मांड्या सगळीकडे कातडी दिसली. मला खरंच फार आनंद झाला.

एप्रिलअखेर
फिरणं पहाटे सव्वापाचला आणि रात्री साडेनऊनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघतो, टेकवत नसेल तर परत फिरायचं. रात्री आठलाही रस्ता तापलेला असतो, याचा अंदाज येत नाही.

या वर्षी एक आकडा रोज लिहितोय : घरी आल्यावर धाप थांबून तोंड मिटायला किती मिनिटं लागतात. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास तळव्यांतूनच, बाकी सगळं गार होणं जिभेवर आणि धापेवर. म्हणून हा आकडा मला तापमानापेक्षा जवळचा वाटतो. एप्रिलच्या सुरुवातीला १९ मिनिटं होती, अखेरीस ११.

मे
पारा ४४-४५. भालूची जागा मधल्या खोलीत, शहाबादी फरशीवर. कूलरला वाळ्याच्या ताट्या, समोरची खिडकी उघडी. खिडकी बंद असली की कूलरचा ओलावा खोलीत साठतो आणि धाप वाढते. पाणी पाठीवर ओतत नाही, वरून भिजलेली लोकर आत ओली राहून तिथे जखमा धरतात. पोट, मांड्यांच्या आतली बाजू आणि तळवे ओल्या फडक्याने पुसतो. पाण्याची भांडी तीन, दिवसाला तीन-साडेतीन लिटर संपतं. जेवण पहाटे आणि रात्री, दुपारी फक्त बिनमिठाचं पातळ ताक.

आंब्याच्या दिवसांत कोय मात्र त्याच्या तोंडी लागू देऊ नका. गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनची वेळ येते.

नवतपा
मेअखेरचे, वर्षातले सगळ्यात तापलेले मानले जाणारे नऊ दिवस निभावले. आकडा १०-१२च्या पुढे गेला नाही. आता जिंकलो असं वाटलं.

६ जून
आणि इथे चुकलो. संध्याकाळी आभाळ भरून आलं, दोन थेंब पडले, पारा ३८. 'गार झालं' म्हणून साडेसहालाच बाहेर काढला. वीस मिनिटांत त्याची जीभ टोकाला कालथ्यासारखी रुंद झाली, लाळ चिकट तारेसारखी लोंबायला लागली, हिरड्या विटेच्या रंगाच्या. फाटकाशी मागचे पाय लटपटले.

आधी गार केलं, मग दवाखाना. अंगणातल्या नळाचं साधं पाणी पाइपने पोटावर, मांड्यांत, मानेखाली, केस बाजूला करून कातडीपर्यंत. शेजारी टेबलफॅन. ताप १०४.८ फॅरनहाइट (एरवी १०१ ते १०२.५). १०३ला आल्यावर पाणी बंद केलं, कारण पुढे तो आपोआप आणखी उतरतो. मग डॉक्टरांकडे. सलाईन, रक्ततपासणी, रात्री घरी. दुसऱ्या दिवशीही तपासणी करून घेतली, आतल्या अवयवांना इजा झाली असेल तर ती उशिरा दिसते.

माझी चूक अशी : मी पारा बघत होतो, दमटपणा नाही. ४५च्या कोरड्या हवेत जिभेवरचं पाणी भराभर उडतं, कूलरही चालतो. ३८ला हवा दमट झाली की दोन्ही मंदावतं. विदर्भात मे महिन्याची भीती आपल्या अंगात मुरलेली आहे, पण दाट केसांच्या कुत्र्यासाठी पावसाआधीचे हे दहा-बारा दिवस मला जास्त वाईट वाटले.

आता वहीत दमटपणाचा वेगळा रकाना आहे. दिवसा कूलर बंद, एसी २६वर. फिरणं फक्त पहाटे, दहा मिनिटं.

१२ जून
काल रात्री धो धो पाऊस. आज पहाटे फिरून आल्यावर ८ मिनिटांत तोंड मिटलं. विंचरताना कानामागे एक गोचीड सापडला. उद्यापासून तळव्यांच्या बेचक्या आणि शेपटीचं मूळही रोज बघायचं.